पाणबुडी वर येईना

झटका आल्यानंतर अप्पांच्या तोंडात एकच शब्द उरला, 'बस'. चहा हवा असला तरी बस, नको असला तरी बस. उशी टोचत असली, लघवीला जायचं असलं, पंखा कमी करायचा असला, सगळ्याला तोच शब्द. आवाज तेवढा बदलायचा. पहिले काही दिवस आई चमचा हातात धरूनच रडायला लागायची, कारण तिला वाटायचं हे जेवण पुरे म्हणतायत. मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला होता. उजवा हात आणि पाय गेला होता आणि त्याच्याबरोबर बोलणंही. समोरच्याचं त्यांना सगळं कळत होतं. स्वतःचं बाहेर येत नव्हतं.

मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करत होते. फोन आला तशी निघाले, बुऱ्हाणपूरला उतरले आणि राहिलेच. आई-अप्पांना मी एकटीच. आईचे गुडघे कामातून गेलेले, अप्पांना उठवून बसवणं तिला एकटीला शक्य नव्हतं. कंपनीनं दोन महिने वाट पाहिली, मग माझ्या जागी दुसरं कुणी घेतलं. त्याचं वाईट वाटायलाही मला सवड नव्हती.

अप्पा मूळचे जामनेरकडचे. तरुणपणी कागद कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्या पंपघरात राहिले. नदीचं पाणी उपसून कारखान्याला पुरवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. नोकरी संपल्यावर राजपुऱ्यात पहिल्या मजल्यावर घर घेतलं. शेजारच्या गल्लीत पॉवरलूम आहेत. मागांची खटखट सकाळी सुरू होते आणि वीज गेली की एकदम थांबते. वीज गेली की अप्पा नेहमी मान वर करायचे. झटक्यानंतरही ती सवय तशीच राहिली होती.

बोलणं शिकवणाऱ्या मॅडम इंदूरच्या. आठवड्यातून दोनदा मोबाइलवर दिसायच्या. "बोलिए अंकलजी, आ... आई." अप्पा कपाळावर घाम येईपर्यंत जोर लावायचे आणि तोंडातून यायचं, "बस." मॅडम टाळ्या वाजवायच्या. "बहुत बढ़िया! बहुत अच्छी कोशिश!" अप्पा डोळे मिटून घ्यायचे. ज्या माणसानं चाळीस-चाळीस घोड्यांचे पंप चालवले, त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवतंय हे मला बघवत नसे. पण कॉल संपला की मीही तेच करायचे. "अप्पा, आज आवाज छान निघाला हं. अजून दोन-तीन महिन्यांत बोलाल बघा."

फेब्रुवारीत एका दुपारी त्यांनी जेवताना तोंड मिटलं. आईनं चमचा ओठांना लावला तर मान फिरवली. संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशी तेच. पाणी आणि थोडं दूध, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आई जिन्यात बसून पदर तोंडात कोंबून रडली. मी रडले नाही. मी त्यांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढली, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि खेळायला लागले. हे सांगायला आज लाज वाटते, पण त्या घरात माझं ऐकेल असं तेवढंच होतं.

तो वाहनं बनवायचा खेळ आहे. ठोकळ्याला ठोकळा जोडून ट्रक, बोट, विमान, काहीही करा आणि चालवून बघा. त्यातलं पाणी मात्र फार खरं. बोटीला भोक पडलं तर पाणी त्या एका खोलीत शिरतं, खोलीच्या मापानं भरतं, त्याचं वजन बोटीवर येतं आणि बोट त्या बाजूला कलते. दार उघडं राहिलं तर ते पुढच्या खोलीत जातं. मी त्यात पाणबुडी बांधायला घेतली होती. लांबट, सुंदर, पिवळा रंग दिलेली. मधोमध एक लांब टाकी ठेवली होती. टाकीत पाणी घेतलं की पाणबुडी खाली जावी आणि पाणी काढलं की वर यावी, एवढाच बेत. पण टाकी भरायला लागली की नाक खाली करून ती सरळ तळाला जायची. मी पुन्हा पुन्हा तेच करत होते आणि ती पुन्हा पुन्हा तशीच बुडत होती.

"बस!"

मी दचकले. अप्पा उशीवरून मान उचलून पडद्याकडे बघत होते. डाव्या हाताचं बोट टाकीवर रोखलेलं.

"काय अप्पा? टाकी?"

"बस, बस." चिडलेला आवाज. कितीतरी दिवसांनी मी तो आवाज ऐकला. पंपघरात कुणी व्हॉल्व्ह चुकीचा फिरवला की असाच निघायचा म्हणे.

त्यांनी पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलेल्या ताटाकडे हात केला. त्यांनी न खाल्लेलं जेवण आईनं काढून नेलं होतं, ताट रिकामं होतं. मी ते त्यांच्या मांडीवर दिलं. मग त्यांनी तांब्याकडे बोट केलं. मी ताटात पाणी ओतलं. त्यांनी डाव्या हातानं ताट जरासं पुढे कलवलं, आणि सगळं पाणी पुढच्या काठाला धावून चादरीवर सांडलं. आई धावत आली. "अगं काय करून राहिली तू? गादी ओली झाली सगळी!" अप्पांनी तिच्याकडे लक्षही दिलं नाही. आता त्यांना वाट्या हव्या होत्या. ताटात चार वाट्या ठेवून त्यांत पाणी घातलं, ताट पुन्हा तेवढंच कलवलं. वाट्यांतलं पाणी हललं, पण जागच्या जागी राहिलं.

मला कळलं. टाकी एकच लांब होती, म्हणून नाक थोडं झुकलं की सगळं पाणी पुढे धावायचं आणि नाक अजून झुकायचं. मी टाकीत आडव्या भिंती घालून तिचे चार भाग केले. पाणबुडी पहिल्यांदाच आडवी राहून खाली गेली. अप्पांनी मान उशीवर टेकली. अर्ध्या तासानं आईनं भीत भीत वरण-भाताचा चमचा पुढे केला आणि त्यांनी तोंड उघडलं.

त्या दिवसापासून दुपारचा वेळ ठरून गेला. त्यांच्यासाठी बुधवारा बाजारातून डाव्या हाताला बसेल असा लहान माऊस आणला. आमच्या खुणा आपोआप तयार झाल्या. तळहात खाली केला की बुडव. मूठ आवळली की व्हॉल्व्ह बंद, उघडली की चालू. दोन बोटं गोल फिरवली की पंप. टाकीच्या एका भागाला वर हवा जायला वाट ठेवली नव्हती, म्हणून पाणी त्यात पुरतं शिरत नव्हतं, हे त्यांनी गालात हवा भरून मला दाखवलं. ते फुगलेले गाल बघून आई हसली. हसताना तिनं तोंडावर हात ठेवला, जणू काही चोरी केली.

खेळात समुद्राच्या तळाशी एक बुडालेलं जहाज आहे. तिथवर जायचं आणि परत वर यायचं, हे अप्पांनी मनात घेतलं. खाली जाणं जमलं. वर येणं जमेना. इतक्या खोलवर बाहेरच्या पाण्याचा दाब इतका, की पंप फिरायचा पण पाणी बाहेर ढकलू शकायचा नाही. अप्पांनी एकापुढे एक असे दोन पंप लावायला लावले. दाब पुरला, पण दोन पंपांनी बॅटरी अर्ध्या वाटेत संपली. बॅटऱ्या वाढवल्या तर वजन वाढलं. मागच्या बाजूला पाणबुडीला पुढे ढकलणारं पातं फिरतं, त्याच्या दांड्याजवळून पाणी झिरपायला लागलं, ते वेगळंच. एप्रिल गेला, मे आला. कूलर घरघरत असायचा, अप्पांच्या पाठीला पुरळ उठलेलं, आणि रोज दुपारी पाणबुडी त्या जहाजाशेजारी जाऊन पडायची ती तिथंच. पडदा हळूहळू काळा व्हायचा. अप्पा त्या काळ्या पडद्याकडे बघत राहायचे.

ते पुन्हा खंगायला लागले. सकाळचा व्यायाम नको, मॅडमचा कॉल नको. जेवण तीन घासांवर आलं. एक दिवस आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटलं.

"त्यांना वर येऊ दे ना एकदा," ती म्हणाली.

"काय?"

"ते तुझ्या हातात आहे ना? कम्प्युटरच आहे ना ते? मग एकदा वर आण. तेवढंच बघून राहिले ते दिवसभर. माझ्यानं नाही बघवत आता."

"आई, ते खोटं होईल."

"होऊ दे. आपण काय सगळं खरंच बोलून राहिलो त्यांच्याशी?"

ती काय म्हणत होती ते मला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी मी अप्पांचे रिपोर्ट घेऊन इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांना भेटून आले होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की एवढ्या मोठ्या मारानंतर इतके महिने गेल्यावर बोलणं परत येण्याची आशा फार कमी असते. मी घरी येऊन आईला सांगितलं होतं. अप्पांना सांगितलं होतं, "डॉक्टर खूश आहेत."

मी खोटं केलं. त्या खेळात लोकांनी आपापले बनवलेले भाग मिळतात. त्यातला एक ठोकळा असा होता की बटण दाबलं की तो वाहनाला वर ओढतो, पाणी असो नसो. तो मी इंजिनाच्या खाली, कुणाला दिसणार नाही असा बसवला आणि पंपाच्या बटणालाच जोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणबुडी तळाला गेली. अप्पांनी दोन बोटं फिरवली. मी बटण दाबलं. ती हलली, तळ सोडला, वर आली, वर येतच राहिली, आणि खळ्ळकन पाण्याबाहेर निघाली. आईनं देवापुढची साखर आणून त्यांच्या जिभेवर ठेवली. अप्पांचा चेहरा एका बाजूनं हसला. मी टाळ्या वाजवल्या. मी खरंच टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी तळहात खाली केला. पुन्हा.

"आता पुरे ना अप्पा, दमला असाल."

तळहात खालीच. मी पुन्हा खाली नेली. पुन्हा वर आणली. या वेळी ते समुद्राकडे बघत नव्हते. त्यांचं बोट पडद्याच्या कोपऱ्यातल्या गोल मीटरवर होतं. टाकीत किती पाणी आहे ते तो दाखवतो. पाणबुडी पाण्यावर तरंगत होती आणि काटा टाकी काठोकाठ भरलेली दाखवत होता.

"बस?" ते म्हणाले. हा प्रश्न होता.

"असतं कधी कधी असं," मी म्हणाले. "खेळातलं मीटर बिघडलेलं असतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग डावा हात पुढे करून लॅपटॉपचं झाकण खाली ओढलं.

त्यानंतर आठ-दहा दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. मी खोलीत आले की डोळे मिटायचे. आईच्या हातून थोडं दूध घ्यायचे, माझ्या हातून पाणीसुद्धा नाही. मी लहान असताना, आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो तेव्हा, त्यांच्या हाताखालच्या एका माणसानं खाली पंपापाशी न जाताच टेबलावर बसून मीटरचा आकडा लिहिला होता. अप्पा त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते. घरी आईला म्हणायचे, त्याच्या आकड्यावर विसंबून मी पंप चालू केला असता तर? मला ती गोष्ट लहानपणी जरा जास्तच वाटायची. आता त्यांची पाठ बघताना तीच आठवायची. ते पाण्यात आणि मीटरमध्ये आयुष्य घालवलेले, आणि मी त्यांना त्यातच फसवायला गेले होते. शिवाय त्यांना बाकीचंही कळलं असणार. जी मुलगी काट्याबद्दल खोटं बोलते, ती डॉक्टरांबद्दल काय खरं बोलणार?

नळीची गोष्ट पुन्हा निघाली. ज्या दिवशी डॉक्टर घरी येऊन वजन बघून गेले, त्या दिवशी सकाळी मी पलंगाच्या पलीकडे गेले, भिंत आणि पलंग यांच्यातल्या फटीत, म्हणजे त्यांचं तोंड माझ्यासमोर येईल. जेमतेम उभं राहता येत होतं.

"अप्पा, मी त्यात एक ठोकळा लपवला होता. त्यानं ती वर आली. पंपानं नाही."

डोळे मिटलेलेच.

"आणि अजून एक आहे. इंदूरचे डॉक्टर खूश नव्हते. ते म्हणाले, तुमचं बोलणं परत येईल अशी आशा फार कमी आहे. मला एप्रिलपासून माहीत आहे. मी तुम्हाला सांगितलं नाही."

आई दारात येऊन उभी होती. तिच्या हातातली परात वाजली. "काय बोलून राहिली तू! वेडी झाली का? मारशील त्यांना!"

अप्पांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा डाव्या बाजूनं आवळला गेला, उजवी बाजू तशीच राहिली, आणि त्यातून जो आवाज आला तो 'बस' नव्हता, कुठलाच शब्द नव्हता. मी माझ्या वडिलांना तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो ओढून घेतला. आई मला हाताला धरून बाहेर घेऊन आली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. त्या दिवशी त्यांनी काहीच घेतलं नाही, दूधसुद्धा नाही. मला वाटलं, मी खरंच मारलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रोजच्या वेळेला, ते लॅपटॉपकडे बोट करत होते.

मी पाणबुडी उघडली. इंजिन बाजूला करून तो ठोकळा त्यांना दाखवला आणि त्यांच्यासमोर काढून टाकला. मग तळाला नेली. बटण दाबलं. पंप फिरले, बॅटरी संपली, पडदा काळा झाला. अप्पांनी मान हलवली, हो, असंच. आईनं केलेली पेज त्यांनी माझ्या हातून घेतली. पाच-सहा चमचे.

मॅडमना मी फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तर मग शब्दांचा हट्ट सोडू या. अंकलजींच्या खुणा तुमच्याकडे आहेतच, त्याच वाढवा, चित्रांची वही करा. आईला ते मान्य नव्हतं. "म्हणजे आपण हरलो," ती म्हणाली. ती अजूनही मंगळवार धरते, त्यांच्या आवाजासाठी. पण मूठ उघडली की खिडकी उघड, दोन बोटं फिरवली की पंखा, हे तिनंही शिकून घेतलं. वहीत मी ड्रॉइंग काढली, अप्पांनी डाव्या हातानं वेडीवाकडी आपली भर घातली. दुखण्यासाठी त्यांनी व्हॉल्व्ह काढला, पूर्ण आवळलेला.

पाणबुडीचं उत्तर त्यांनाच सापडलं. ती पाण्यावर खूप उंच तरंगायची. मला तशी छान दिसायची म्हणून मी तशी बांधली होती. पण जितकी वर तरंगणार, तितकं पाणी बुडवायला आत घ्यावं लागणार आणि तितकंच खालून बाहेर ढकलावं लागणार. त्यांनी मागची अख्खी खोली काढायला लावली, मग वरचा मनोरा, मग पिवळ्या कडा. मी एकेक करून सगळं काढलं. उरली ती बुटकी, जेमतेम पाठ पाण्याबाहेर असलेली, कुरूप. ऑगस्टमध्ये एका दुपारी ती त्या जहाजापासून सुटली आणि शेपूट वर, नाक खाली अशी, तिरकी तिरकी वर आली. अप्पांनी आधी काटा बघितला. काटा खाली आला होता. मग त्यांनी तळहात खाली केला. आम्ही तिला तीनदा खाली नेलं. तिसऱ्यांदा ती तळालाच राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्यांचं बोलणं आलेलं नाही. हिवाळ्यात दुसरा, लहान झटका येऊन गेला आणि आता त्यांना पडद्याची उजवी बाजू दिसत नाही, म्हणून लॅपटॉप डावीकडे सरकवून ठेवावा लागतो. डावा हातही थरथरतो. माऊस मी धरते, ते खुणा करतात. काही दुपारी खुणाही करत नाहीत. त्या दिवशी वहीतली सगळी पानं उलटून दाखवली तरी ते आवळलेल्या व्हॉल्व्हवर बोट ठेवतात आणि ठेवूनच राहतात. तेव्हा काय करायचं, ते मला आजही कळत नाही. मी बाजूला बसून राहते.

एक मात्र ठरलं आहे. डॉक्टर जे सांगतील ते त्यांच्यासमोर सांगायचं, खोलीबाहेर बोलवून नाही. गेल्या वेळी तरुण डॉक्टरांनी मला डोळ्यांनी बाहेर यायची खूण केली, तेव्हा मी म्हणाले, "इथंच बोला, त्यांना कळतं." डॉक्टर अवघडले, पण बोलले. बातमी चांगली नव्हती. अप्पांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि पाण्याकडे बोट केलं. मी पेला त्यांच्या ओठांना लावला. आई तोंड फिरवून खिडकीत उभी होती.